कामथडीची पाहुणी

भामाआत्या कॉफी शॉपच्या काचेसमोर येऊन उभी राहिली तेव्हा शेफालीच्या हातातला कप तोंडापाशीच थांबला. दोघींच्या मधे फक्त काच होती. बाहेरून ती काळी दिसते, आरशासारखी, आणि आतलं माणूस बाहेरच्याला दिसत नाही, हे शेफालीला ठाऊक होतं. तरी तिनं कप सावकाश खाली ठेवला. भामाआत्यानं हातातली पिशवी पायांत ठेवली, पदर सोडून पुन्हा डोक्यावरून घेतला, कानाजवळची पांढरी बट बोटानं आत सारली. मग इकडंतिकडं बघून तिनं तोंड उघडलं आणि दाढेपाशी बोट घालून काचेत वाकून बघितलं. तिचा चेहरा शेफालीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. घरात तो चेहरा सतत कोणासाठी तरी काहीतरी करत असायचा, भावासाठी कपाळाला आठ्या, म्हशीसाठी लटका राग, शेफालीसाठी हसू. इथं तो कोणासाठीच नव्हता. तोंड मिटल्यावर ती तशीच उभी राहिली, स्वतःकडे बघत, आणि तिचे डोळे हळूहळू इतके थकलेले दिसू लागले की शेफालीला वाटलं, आपण कोणाच्या तरी न्हाणीघरात डोकावतोय. तिनं मान खाली घातली. कॉफीवरची साय सुरकुतली होती.

सकाळी निघताना ती म्हणाली होती, "आत्या, मी पुण्याला जाऊन येते, ऑफिसात काम आहे." आठवड्यातून दोन-तीनदा ती हेच म्हणायची. कामथडीच्या फाट्यावर भामाआत्या तिला वडापच्या जीपमध्ये बसवून द्यायची, डब्यात भाकरी बांधून द्यायची, आणि जीप दिसेनाशी होईपर्यंत हात वर धरून उभी राहायची. पुणं येण्याच्या कितीतरी आधी, शिवऱ्याला, शेफाली उतरायची. हायवेच्या कडेला पेट्रोल पंपाच्या शेजारी गोरख आणि शिवानी या नवराबायकोनं काढलेलं हे कॉफी शॉप होतं. गोरख वेल्ह्याच्या वरच्या वाडीतला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिवानी पुण्यात अशाच एका दुकानात नोकरीला होती, तिथं ती मशीन चालवायला शिकली. काचेलगतच्या कोपऱ्यातल्या लाकडी बाकावर गोरखच्या आईनं दिलेलं घोंगडं अंथरलेलं असायचं. थंडीच्या दिवसांत त्या घोंगड्यावर पाय वर घेऊन बसलं, की खाली जमीन आहे, बाहेर ट्रक धावतायत, आपण कोणत्या देशात आहोत, हे सगळं थोडं थोडं विरघळून जायचं. मशीनचा फुसफुसाट, भाजक्या बियांचा करपट गोड वास, शिवानीचं स्वतःशीच गुणगुणणं. शेफाली लॅपटॉप उघडून, कानात इयरफोन घालून दूरदूरच्या शहरांतल्या लोकांना फ्रेंच शिकवायची, आणि तास नसेल तेव्हा नुसती बसायची. शिवानीनं तिला कधीच विचारलं नव्हतं, तुम्ही कुठल्या, कुणाच्या, इकडं कशा. ती फक्त विचारायची, "ताई, साखर कमी ना?" या एका प्रश्नासाठी शेफाली इतकं खोटं बोलत होती. घरी खरं कसं सांगणार? एका दुकानात एकटी बसून कॉफी पिते, असं सांगितलं असतं तर भामाआत्याच्या तोंडून आलं असतं, "का गं, घरात च्या मिळत न्हाई व्हय?" आणि त्या प्रश्नाला शेफालीच्या मराठीत उत्तर नव्हतं. तिची मराठी शाळेतली, पुस्तकातली, मॉरिशसच्या मराठी मंडळातली. त्या मराठीत 'मला तुमच्या प्रेमापासून थोडं लांब बसायचं आहे' हे वाक्य करता येत होतं, पण कोणाच्या तोंडावर बोलता येत नव्हतं.

मॉरिशसमध्ये त्यांचं आडनाव सकाराम. तिथल्या मराठी घरांत असंच झालं होतं, जहाजातून उतरलेल्या माणसाचं नाव पुढच्यांचं आडनाव होऊन बसलं. तिच्या खापरपणजोबांचं नाव सखाराम होतं एवढं त्यावरून कळत होतं. बाकी सगळं गेलं होतं. गणपतीच्या आरत्या राहिल्या, पुरणपोळी राहिली, बोलणं मात्र क्रिओल, तिथली फ्रेंचसारखी बोली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची भोजपुरी. राहिला होता एकच शब्द. तिचा आजा लहान असताना त्यानं त्या म्हाताऱ्या सखारामला विचारलं होतं, तुम्ही कुठून आलात? म्हातारा अंगणात बसला होता. त्यानं हात उचलला आणि म्हणाला, "भोर." आजानं हे तसाच हात करून बाबांना सांगितलं, पुढं तिलाही. बाबा गेल्यावर, आणि त्याच वर्षी तिचं लग्नही मोडल्यावर, तिनं एका संध्याकाळी नकाशात तो शब्द शोधला. तो सापडला. पुणे जिल्हा. तिला तेव्हा रडू आलं होतं, कारण जगात एक ठिपका होता जिथं तिला कोणी सोडून गेलेलं नव्हतं, उलट तिच्याच माणसानं ज्याला सोडलं होतं. ती आली, भोरमध्ये खोली घेऊन राहिली, भेटेल त्याला विचारू लागली, आणि महिन्याभरात कोणीतरी तिला कामथडीच्या रायबाकाकांच्या दारात नेऊन उभं केलं. त्यांच्या पणज्याचा धाकटा भाऊ सखाराम तरणाताठा असताना घरातून निघून गेला होता. समुद्रापार गेला, असं घरात म्हणत आले होते. रायबाकाका सत्तरीचे. बायको गेलेली, एक मूल झालं तेही गेलेलं. त्यांनी शेफालीच्या तोंडाकडे बघितलं, आणि उंबऱ्यातच खाली बसले. "आला," एवढंच ते म्हणाले. "आला शेवटी." मग भामाबाई, त्यांची धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकल्यापासून भावाकडेच राहिलेली, आतून धावत आली, आणि दुसऱ्या दिवशी शेफालीची बॅग भोरच्या खोलीवरून कामथडीला आली.

तिथून पुढं ती कोणाची तरी झाली. सकाळी उठल्यापासून ती सखारामाची होती. भावकीतल्या बाया यायच्या, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायच्या, आणि नाक कोणाचं, कपाळ कोणाचं, हे ठरवायच्या. तिला वाढलेलं ताट संपवायला लागायचं, कारण सखाराम उपाशी गेला होता. तिनं लवकर झोपायचं, कारण सखारामाला रातच्याला बाहेर फिरायची खोड होती. हे सगळं इतकं मायेनं चालायचं की नाही म्हणायला जागाच नव्हती. आणि तिला ते आवडतही होतं, हे तिच्या मनाला सगळ्यात जास्त टोचायचं. पोटात जडपणा साठत जायचा. शिवऱ्याला उतरून घोंगड्यावर पाय घेतले की तो उतरायचा. असेच दिवस गेले असते. पण मागच्या पंधरवड्यात, इथंच, याच बाकावर, काहीतरी तुटलं. बिहारकडचा एक ट्रकवाला शेजारच्या टेबलावर बसून घरी फोन करत होता. त्याची भोजपुरी शेफालीला बसल्या बसल्या कळत होती, लहानपणीच्या अंगणातून ऐकू यावी तशी. "भोरे-भोरे निकललीं," तो म्हणाला. पहाटे पहाटे निघालो. शेफालीनं कप खाली ठेवला. भोर. पहाट. तिच्या गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द होता, रोजचा, अंथरुणातून उठतानाचा. हे तिला आजवर सुचलं कसं नव्हतं? आणि मग तिला आजानं करून दाखवलेला हात आठवला. त्यांचं घर बेटाच्या पश्चिमेला. समुद्र मागच्या बाजूला. म्हाताऱ्या सखारामनं हात समुद्राकडे केलाच नव्हता. तो डोंगराकडे केला होता, जिथून त्यांच्या अंगणात सकाळ व्हायची. त्यानं गाव सांगितलंच नव्हतं कदाचित. कधी उतरलो तेवढं सांगितलं होतं, किंवा पोराला नुसता उजेड दाखवला होता.

तेव्हापासून तिला घरी घास गिळवत नव्हता. आणि याच पंधरवड्यात रायबाकाकांनी येत्या रविवारचा गोंधळ ठरवला. सखाराम परत आला म्हणून देवीपुढं गोंधळ घालायचा, भावकी जेवायला घालायची, आणि गोंधळ्यांच्या तोंडून, संबळाच्या नादात, त्याच्या नावानं शेफालीचं नाव कुळात सांगायचं. रायबाकाकांची अशी समजूत होती की त्यांचं मूल गेलं, बायको गेली, त्या सगळ्यामागं तो न परतलेला माणूस होता. त्याला कोणी पाणी दिलं नव्हतं, म्हणून. आता ते अंगणात उभं राहून मांडव कुठून कुठवर घालायचा ते पावलांनी मोजत, आणि त्यांच्या चालण्यात एक तरुण माणूस आल्यासारखा वाटे. त्यांना काय सांगायचं? एका ट्रकवाल्याच्या फोनवरून मला कळलं, काका, की मी तुमची नाही?

दाराची घंटा वाजली. भामाआत्या आत आली. गार हवेनं क्षणभर बिचकली, मग शिवानीला म्हणाली, "बाई, जरा बाथरूमला जायचं व्हतं." शिवानीनं मागचं दार दाखवलं. भामाआत्यानं कोपऱ्याकडे बघितलंच नाही, पिशवी छातीशी धरून ती आत गेली. शेफालीनं लॅपटॉप मिटला, पिशवीत सारला, पैसे काढले. दार समोर होतं, रस्त्यापलीकडे जीप उभी होती. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी जाता आलं असतं. ती उभी राहिली, आणि तिला मघाचा तो चेहरा आठवला, काचेतला, कोणासाठीच नसलेला. तो आपण बघितला, आणि ते तिला माहीत नाही. यानंतर तिच्यासमोर बसून भाकरी खायची, असं जमणार नव्हतं. ती पुन्हा खाली बसली. पाय घोंगड्यावर घेतले नाहीत. जमिनीवर, जोडून ठेवले, शाळेत ठेवायची तसे.

भामाआत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि थबकली. "आगं!" तिचा हात छातीकडे गेला. "तू पुण्याला गेल्तीस न्हवं?"

"नाही, आत्या."

"गाडी चुकली?"

"चुकली नाही. मी पुण्याला जातच नाही. कधीच गेले नाही. मी इथे येते."

भामाआत्या समोरच्या खुर्चीवर टेकली. तिनं शेफालीच्या कपाकडे बघितलं, लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं, मग घोंगड्याकडे. हात पुढं करून लोकर चिमटीत धरून बघितली. "हितं काय करतीस?"

"काम करते. बसते. कॉफी पिते."

"येकटी?"

"एकटी."

"आन कुनी काय म्हनत न्हाई?"

"नाही."

"किती येळ बसलं तरी?"

"कितीही."

भामाआत्यानं सगळीकडे एकदा नजर फिरवली. मशीन, टांगलेले पिवळे दिवे, पलीकडच्या कोपऱ्यात पुस्तक वाचणारा एक मुलगा आणि एक मुलगी. "बरं हाय की," ती हळूच म्हणाली. शेफालीला हसू फुटलं, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते थांबेना. शिवानी कॉफी घेऊन आली, न सांगता, भामाआत्यासाठी, आणि साखरेची वाटी ठेवून निघून गेली. भामाआत्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, चार चमचे साखर घातली, पुन्हा घेतला. वरच्या ओठावर फेस राहिला. "बोल आता," ती म्हणाली. "रडून झालं की बोल. मला घाई न्हाई."

शेफालीनं सांगितलं. ट्रकवाला, तो शब्द, आजाचा हात, डोंगर. तिची पुस्तकी मराठी मधेच अडखळायची, मधेच नको इतकी शुद्ध व्हायची. "माझा तर्क चुकला होता, आत्या. मी तुमची नाही. मी तुम्हाला फसवायला आले नव्हते. पण रविवारी देवीपुढे माझं नाव घेतलं जाईल, आणि ते खरं नाही." एवढं बोलून ती थांबली. काय येईल ते येऊ दे, असं तिच्या मनात आलं. भामाआत्या चमच्यानं तळाची साखर ढवळत होती. ढवळणं थांबलं.

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

शेफालीला वाटलं, आपल्याला शब्द कळला नाही.

"तू आलीस त्या दिसापासून ठावं हाय. आमचा सखाराम कुठंबी समुद्रापार गेल्ता न्हाई. येल्ह्याच्या वर धनगरवाड्यात गेल्ता, येका बाईपायी. तिच्यासंगं ऱ्हायला, मेंढरं राखली, हितंच मेला. माझ्या आजीनं त्याला बघितला व्हता. ती नवी नवरी असतानी, जत्रंत. तोंडावळा घरचाच, तिनं वळखला. त्यानं पानी मागितलं, तिनं दिलं, आन दोघांनी वळख दावली न्हाई. घरात बाप्यांनी सांगितलं, समुद्रापार गेला. धनगराच्या पोरीसंगं गेला म्हनायची लाज वाटली आसंल त्यांला. काय लाज म्हना त्याच्यात! पन आजीनं मला सांगून ठिवलं, कुनाला बोलू नगं. म्या न्हाई बोलले. दादालाबी न्हाई."

"मग तुम्ही मला घरात का—"

"तू दारात आलीस तवा दादा बसला, तू बघितलंस न्हवं? म्या त्याला असा बसलेला कवा बघितला न्हवता. त्या दिसापास्नं त्यो रातचा झोपाय लागला. आता म्या काय बोलू? आन खरं सांगू का, मलाबी बरं वाटत व्हतं. आत्या म्हननारं कुनी नव्हतं मला." तिनं ओठावरचा फेस पदरानं पुसला. "पन ह्या गोंधळानं माजी झोप घालीवली. म्हनलं, देवीम्होरं खोटं नाव. आज हितं मावसबहिनीच्या सासरी आवतान द्यायला आल्ते. त्यांच्या वट्यावर बसले, पानी पिले, आन तोंडातनं शब्द फुटंना. दात दुखतोय म्हनून तशीच उठून आले."

भामाआत्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरत असलेलं शेफालीला दिसत होतं, डोक्यावरचा भारा पायरीवर टेकवावा तसं. आणि तिच्या स्वतःच्या पोटातला तो जडपणा, इतक्या महिन्यांचा, तिनं शोधला तर जागेवर नव्हता. आपण त्यांच्या नाही, हे कळलं, आत्यालाही ते आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी इथं समोर बसून ही बाई चार चमचे साखरेची कॉफी पिते आहे. भीतीच्या जागी तिला एकदम भूक लागल्याची जाणीव झाली. तिनं पिशवीतून डबा काढला. भाकरी आणि चटणी, भामाआत्यानंच सकाळी बांधलेली. दोघींनी ती कॉफीबरोबर खाल्ली, आणि शिवानी लांबून बघून हसली.

"दादाला सांगायचं," उठताना भामाआत्या म्हणाली. "आजच. म्या सांगते माजं, तू सांग तुजं."

परतीच्या जीपमध्ये दोघी दाटीवाटीनं बसल्या. घरी आल्या तेव्हा उन्हं कलली होती. रायबाकाका अंगणात कडब्याच्या पेंढ्या रचत होते. भामाआत्यानं त्यांना खाली बसायला लावलं आणि आधी स्वतःचं सांगितलं, सरळ, मधे न थांबता, आजीचं, जत्रेचं, पाण्याचं. मग शेफालीनं सांगितलं. रायबाकाकांनी सगळं ऐकून घेतलं. कोणाकडेही न बघता ते उठले आणि गोठ्यात गेले. आत म्हशीची साखळी वाजली, मग काहीच वाजलं नाही. भामाआत्या तुळशीपाशी बसून राहिली, शेफाली उभी. तिनं मनातल्या मनात कपाटातले कपडे घड्या घालायला घेतले. भोरची ती खोली पुन्हा मिळेल का, हाही विचार करून झाला. तिला वाईट वाटत होतं, फार वाटत होतं, पण भीती वाटत नव्हती, आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं.

रायबाकाका बाहेर आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलेलं होतं. मिशीतून पाणी ठिबकत होतं. ते ओट्यावर बसले. "येल्ह्यात," ते बहिणीला म्हणाले. "म्हंजे जीपनं जाऊन यावं येवढ्यात. आन आपन त्याला सात समिंद्रापार हुडकतोय." त्यांनी मान हलवली, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हलवताना ते हसत आहेत की काय, असं शेफालीला वाटलं. "पानी पिऊन गेला म्हन. आपल्याच घरच्या हातचं."

"व्हय."

"मग उपाशी-तानेला न्हाई गेला."

"न्हाई रं दादा. पोटभर जगला."

त्यांनी तळहातानं मिशी पुसली. मग म्हणाले, "गोंधळी सांगून ठिवल्यात. गोंधळ व्हईल. येल्ह्याचा सखाराम म्हनून नाव घ्या म्हनतो त्यांला. त्या बाईचंबी घ्या म्हनतो, जे आसंल ते." आणि मग पहिल्यांदाच ते शेफालीकडे वळले, आणि ते जे बोलले त्यातला एकच शब्द तिला आधी ऐकू आला. "तुमी," ते म्हणाले. इतके महिने ती पोरी होती, तू होती. "तुमी बसा की. हुब्या का?"

ती ओट्याच्या टोकाला टेकली.

"मग तुमचं गाव कुठलं म्हनायचं?"

तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की या घरात हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं. तिचं गाव कामथडी होतं. तिचा जन्म, तिची शाळा, तिची माणसं, हे सगळं सखारामाच्या परत येण्यातली एक लांबलेली वाट होती, वाटेत लागलेल्या मुक्कामासारखी. तिनंही कधी सांगितलं नव्हतं. "कास्कावेल," ती म्हणाली. इथल्या हवेत तो शब्द तिच्या कानांना अनोळखी वाटला.

"कासकावेल," रायबाकाकांनी तो चघळून बघितला. "गाव ब्येस हाय? पानी हाय?"

"आहे. डोंगराच्या पायथ्याशी आहे. सगळा ऊस."

"ऊस!" ते पुढं सरकले. "तोडनी कवा?"

"जूनमध्ये सुरू होते. डिसेंबरपर्यंत."

"जूनात? आमी तवा पेरनीच्या घाईत. भामे, ऐकलंस का, त्यांच्याकडं जूनात तोडनी." भामाआत्या चुलीकडे जाता जाता दारात थांबली. "आन मग कारखाना? का गुऱ्हाळं? गाडीबैल का ट्रक? आन आई येकटीच ऱ्हाती का तिथं?"

प्रश्न एकावर एक येत होते आणि शेफाली उत्तरं देत होती. कारखाना होता, आता बंद पडला. आई एकटीच राहते, पण शेजारी मावशी आहे. पाऊस असाच येतो, पण वारा वेगळा, छप्पर उडवणारा. चहात व्हॅनिला घालतात. मराठी कमी पडली की ती क्रिओल शब्द घालायची आणि हातानं आकार दाखवायची. त्यांना कळायचं, किंवा न कळता ते हुंकार भरायचे. तिला आठवत नव्हतं, आपल्या गावाबद्दल आपण शेवटचं कधी इतकं बोललो. लग्नाच्या घरात नव्हतो बोललो. इथं आल्यापासून तर नव्हतोच. कोणाची म्हणून नाही, नुसती कास्कावेलची म्हणून ती त्या ओट्यावर बसली होती, आणि अंगणावर संध्याकाळ उतरत होती.

"आन घराम्होरं काय हाय?" भामाआत्यानं दारातून विचारलं. तिच्या हातात पिठाची परात होती.

शेफालीला डोळे मिटावे लागले. मग सगळं दिसलं.

"आंब्याचं झाड आहे," ती म्हणाली. "आणि त्याच्याखाली आईची खुर्ची. एक पाय मोडलाय तिचा, खाली वीट लावलीय."

"आता कवा तरी नवा बसवा की त्यो पाय," रायबाकाका म्हणाले.

"बसवते," शेफाली म्हणाली, "गेले की बसवते," आणि ओट्यावर मागं सरून, भिंतीला पाठ टेकवून, तिनं पाय वर घेतले.